कुटुंबाची मोटार कोणीं निवडावी?

सोयाबीन-कांदा बाजारांत जाऊन चार पैसे हातीं आले, अथवा कारखान्याकडून उंसाचें पहिलें बिल जमा झालें, म्हणजे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणीं मोटारींच्या शोरूममध्यें शेतकऱ्यांची वर्दळ सुरू होते. यांत वावगें असें कांहींच नाहीं. ज्या घरांत आठ-दहा माणसें एकत्र नांदतात, ज्या घरचीं मुलें तालुक्याच्या शाळेंत जातात, व ज्या घरांतील वृद्धांस महिन्या-दोन महिन्यांनीं जिल्ह्याच्या इस्पितळांत न्यावें लागतें, त्या घरास चार चाकांचें वाहन ही आतां चैन राहिलेली नाहीं. तथापि हें वाहन निवडण्याची जी रीत आपल्या मंडळींत पडली आहे ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. घरचा कर्ता पुरुष व त्याचा वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा असे दोघे जण दुकानांत जातात; दोघेही पुढच्या दोन सीटांवर बसून एक फेरी मारून येतात; आणि पुढल्या दहा वर्षांचा निर्णय तेथल्या तेथें होऊन जातो. मागच्या रांगांत ज्यांनीं बसावयाचें ती आई, ती सून, तीं नातवंडें यांस मोटार प्रथम दिसते ती तिला हार घालून दाराशीं आणल्यावर!

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सात माणसांच्या घरानें मोटार घ्यावयाची ती शेवटच्या रांगेंत बसणाऱ्या माणसानें निवडावी. तशी निवड होऊं लागली तर पुष्कळ घरीं उंच बोनेटाच्या, रुबाबदार एस.यू.व्ही.च्या जागीं तीन रांगांची आटोपशीर कुटुंब-मोटार, जिला कंपन्या एम.पी.व्ही. म्हणतात, तीच येऊन उभी राहील असा आमचा तर्क आहे. आणि कांहीं घरीं कोणतीच मोटार येणार नाहीं, तेंही बरेंच होईल.

आपल्या वाडवडिलांचा या बाबतींतील विवेक ध्यानांत घेण्याजोगा आहे. शेणखताची व मालाची बैलगाडी निराळी, आणि घरच्या बायकामुलांस जत्रेला अथवा माहेरीं नेण्याची दमणी निराळी, असा भेद ज्या घरीं ऐपत होती तेथें कटाक्षानें पाळला जाई. जीप आली आणि हा भेद मोडला. एकाच गाडींत दिवसां खत व रात्रीं वऱ्हाड जाऊं लागलें. १९९४ सालीं टाटांची सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगांवकर यांच्या नांवावरून तिचें नांव पडलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. २००० सालीं महिंद्रांची बोलेरो व टोयोटाची क्वालिस आली, आणि २००५ सालीं क्वालिसची जागा इनोव्हानें घेतली. या गाड्यांचा बांधा मूळचा मालगाडीचाच होता. खालीं मजबूत चेसिस, तिच्यावर बसविलेला डबा, मागील चाकांस गति. खराब रस्त्यावर त्या टिकल्या यांत शंका नाहीं; पण चेसिसवर डबा बसवावयाचा म्हणजे तळ उंच होतो, आणि सत्तर वर्षांच्या माणसाचा पाय त्या उंचीपर्यंत जात नाहीं. दोघांनीं हात देऊन वर ओढावें लागतें.

दुसरी परंपरा मारुतीच्या व्हॅनची. ती १९८४ सालीं निघाली, पुढें ओम्नी या नांवानें खेडोपाडीं पसरली व २०१९ सालीं बंद झाली. २०१० पासून ईको ही तिच्याच वळणाची मोटार चालत आली आहे. आणि तिसरी परंपरा २०१२ सालीं अर्टिगा आली तेव्हांपासूनची. हिचा सांगाडा साध्या मोटारीसारखा एकजीव असल्यामुळें तळ खालीं राहतो, दार रुंद उघडतें, व तीन रांगा असूनही चालविणारास ती मोठी वाटत नाहीं. पुढें २०१९ सालीं रेनोची ट्रायबर व २०२२ सालीं कियाची कॅरेन्स या वर्गांत आल्या, आणि २०२३ सालीं टोयोटानें रुमियन काढली. ती अर्टिगाच होय, नांव तेवढें बदललें आहे. आम्ही ज्या आटोपशीर कुटुंब-मोटारीची शिफारस करितों ती या वर्गांतील.

आतां या मोटारी लांबीनें निरनिराळ्या कां, याचें कारण कारखान्यांत नसून कराच्या कायद्यांत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपेक्षां अधिक लांब नसलेल्या, व पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरपर्यंत अथवा डिझेल इंजिन १५०० पर्यंत असलेल्या मोटारीस १८ टक्के जी.एस.टी. लागतो. या मर्यादेच्या बाहेर गेलेल्या पेट्रोल-डिझेल मोटारींस ४० टक्के. ट्रायबरची लांबी ३९९० मिलिमीटर व इंजिन ९९९ घन सेंटिमीटर, म्हणून ती १८ टक्क्यांत बसते. अर्टिगा चार मीटरांहून अधिक लांब व तिचें इंजिन १४६२ चें, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. (पूर्वीं तिला उपकर धरून ४५ टक्के पडत, म्हणजे थोडी सवलतच झाली.) त्याच दिवशीं ट्रॅक्टरवरील कर १२ चा ५ टक्के झाला, त्याबद्दल सरकारास धन्यवाद दिलेच पाहिजेत. परंतु नवरा-बायको व एक मूल अशा तिघांची छोटी मोटार १८ टक्क्यांत, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सात जणांस नेणारी मोटार मात्र श्रीमंतांच्या आलिशान गाड्यांच्या पंक्तीस ४० टक्क्यांत, हा न्याय आमच्या बुद्धीस उलगडत नाहीं. कर मोजपट्टीनें ठरतो, माणसें मोजून ठरत नाहीं. शेतकऱ्यांच्या संघांनीं जी.एस.टी. परिषदेपुढें हा प्रश्न मांडावा. सात बैठकांच्या व ठराविक किंमतीच्या आंतील मोटारीस निराळा वर्ग देणें कांहीं अवघड नाहीं.

तोंवर मात्र त्या चार मीटरांचा परिणाम शेवटच्या रांगेंतील माणसास आपल्या गुडघ्यांवर सोसावा लागणार. लांबी अडली म्हणजे कारागीर तरी काय करील? पुढच्या दोन रांगांस जागा देऊन उरेल ती मागच्यांस.

या शेवटच्या रांगेविषयीं जरा सविस्तर लिहिणें अवश्य आहे, कारण दुकानांत तिच्याबद्दल कोणी विचारीत नाहीं. ही रांग बहुधा मागील चाकांच्या बरोबर वर येते. खड्डा लागला कीं पुढें बसलेल्यास नुसता हेलकावा जाणवतो, मागे बसलेल्याच्या मणक्यास धक्का बसतो. ज्यांस मोटार लागते, त्यांस ती येथेंच लागते. सीट तळापासून फार वर नसते, त्यामुळें गुडघे छातीकडे येतात. घटकाभर हें चालतें, पण गांवाहून पुण्याच्या इस्पितळापर्यंतचा तीन-चार तासांचा प्रवास संधिवाताच्या माणसास असा करविणें म्हणजे दुखण्यावर दुखणें. तिच्या बाजूच्या कांचा बहुतेक मोटारींत उघडत नाहींत, म्हणून तेथें थंड हवेची झडप आहे कीं नाहीं व ती खरोखर वारा देते कीं नाहीं, हें मे महिन्याच्या दुपारीं पाहावें. शोरूममधील गारव्यांत हा प्रश्न सुचत नाहीं.

आंत जाण्याचा मार्गही पाहिला पाहिजे. मधली सीट दुमडून, तिच्या कडेनें अंग चोरून मागे जावें लागतें. लुगडें नेसलेल्या बाईस हें किती अवघड जातें, याची कल्पना पुरुषांस नसते. कांहीं मोटारींत मधली सीट एका खटक्यानें पुढें सरते, कांहींत दोन्ही हातांनीं जोर लावावा लागतो. जेथें मधल्या रांगेंत दोनच स्वतंत्र सीटा असून मधून वाट असते, तेथें ही अडचण पुष्कळ कमी होते, मात्र एक माणूस कमी बसतो. आमच्या मतें ज्या घरीं दोन वृद्ध आहेत त्या घरानें सहा बैठकांचीच मोटार घ्यावी. सातवें माणूस फटफटीवरून येईल.

यासाठीं आमची सूचना अशी. मोटार पाहावयास दुकानांत जाऊं नये. ती दाराशीं बोलवावी. घेणार म्हटल्यावर दुकानदार ती आनंदानें पाठवितो. घरांतील सातही माणसें तींत बसवावीं, वडील माणूस मुद्दाम शेवटच्या रांगेंत बसवावें, आणि गांवापासून फाट्यापर्यंतचा जो सर्वांत वाईट तुकडा असेल त्यावरून ती न्यावी. जवळ घाट असेल तर घाटांतही न्यावी. एक लिटरच्या लहान इंजिनाची मोटार चौघांस घेऊन सपाटीवर सुरेख पळते. तीच सात माणसें, थंड हवा व चढ असा योग आला कीं पहिल्या गिअरवर येते. ट्रायबरचें इंजिन ७२ अश्वशक्तीचें व अर्टिगाचें शंभराच्या थोडें वर आहे. हा फरक बारामती-इंदापुरास जाणवणार नाहीं, पाटण-महाबळेश्वराकडे पावलोपावलीं जाणवेल. फेरी झाल्यावर आईस विचारावें, ‘बसवतें कां?’ तिनें नाहीं म्हटलें तर तो शेवटचा शब्द समजावा. बारा-तेरा लाखांच्या व्यवहारांत एक दिवस अशा परीक्षेंत गेला तर बिघडलें कोठें?

सामानाचाही विचार येथेंच आला पाहिजे, कारण सात माणसें आणि सात माणसांचें सामान हीं दोन्हीं या मोटारींत एकाच वेळीं मावत नाहींत. तिन्ही रांगा उभ्या असतां अर्टिगाच्या डिकीस २०९ लिटर व ट्रायबरच्या डिकीस ८४ लिटर जागा उरते. ८४ लिटर म्हणजे दोन बऱ्यापैकीं पिशव्या. शेवटची रांग पाडली कीं त्याच डिकींत अनुक्रमें साडेपांचशें व सवासहाशें लिटर जागा होते. ट्रायबरची शेवटची रांग तर काढून घरींच ठेवतां येते, ही सोय खरोखर वाखाणण्याजोगी आहे. तात्पर्य, हिला सात माणसांची मोटार न मानतां पांच माणसें व सामान, अथवा सात माणसें व हलका हात, अशी दुहेरी मोटार मानावी. सी.एन.जी.ची टाकी घेतली तर डिकीचा मोठा भाग तीच व्यापते. मग लग्नाच्या पेट्या टपावरील कॅरिअरवर चढतात, आणि वर ओझें चढलें कीं वळणावर मोटार कलूं लागते. टपावर बांधलेलें ओझें आम्हांस कधींच भरवंशाचें वाटलें नाहीं.

आणि खताचीं पोतीं? युरियाचें एक पोतें हल्लीं ४५ किलोचें असतें. चार पोतीं म्हणजे १८० किलो, म्हणजे तीन माणसें. आणि तीं तिन्ही माणसें मागील चाकांच्याहि मागे बसविल्यासारखीं. एकजीव सांगाड्याच्या मोटारीचे मागील स्प्रिंग अशानें लौकर बसतात, आणि खतें व कीटकनाशकें यांचा वास त्या गालिच्यांतून वर्षभर जात नाहीं. त्याच डब्यांत उद्यां तान्हें मूल बसणार, हें विसरूं नये. वाडवडिलांनीं दमणी निराळी ठेवली ती उगीच नव्हे. मालास ट्रॅक्टर आहे, भाड्याचा पिकअप आहे.

याच्या उलट, मालाच्या वाहनांत माणसें बसविण्याची आपली खोड अधिक भयंकर आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तर प्रदेशांत कानपूर जिल्ह्यांतील घाटमपूर भागांत देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टरची ट्रॉली तळ्यांत उलटून २६ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. आणि ४ एप्रिल २०२५ रोजीं आपल्या नांदेड जिल्ह्यांत आलेगांवच्या शिवारांत शेतमजूर स्त्रियांस घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत कोसळला व सात स्त्रियांचा अंत झाला. कुटुंबासाठीं मोटार घ्यावी म्हणतांना आमच्या मनांत हीच गोष्ट मुख्य आहे. वऱ्हाड व जत्रा ट्रॉलींतून नेण्याचें ज्या घरीं बंद झालें त्या घरीं मोटारीचे पैसे वसूल झाले. मात्र घरच्यांस मोटार आणि खुरपणीच्या बायांस ट्रॉली, हा भेद ज्यास खटकत नाहीं त्यास काय म्हणावें?

सुरक्षिततेची दुसरी बाब पट्ट्यांची. पुढच्यांनींच पट्टा लावावयाचा, मागच्यांस त्याची गरज नाहीं, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे कीं नव्या मोटारीच्या मागल्या पट्ट्यांची खोळही कित्येक वर्षें निघत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागील सीटवर होते व पट्टा लावलेला नव्हता. मोटार उंची होती, पुढें बसलेलीं दोघें वांचलीं. कायद्याप्रमाणें पट्टा न लावल्यास १००० रुपये दंड आहे व चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा मुलांची खास बैठक आवश्यक आहे. पण दंडाच्या भीतीनें नव्हे, तर हातपाय शाबूत राहावे म्हणून तिन्ही रांगांस तीन-टोकी पट्टे व डोक्यामागें उशी आहे कीं नाहीं, हें हातानें ओढून पाहावें. बोलेरोसारख्या गाडींत मागे समोरासमोर जीं आडवीं बांकें असतात तेथें असे पट्टे बहुधा नसतात. तेथें मुलें बसविणें आम्हांस धोक्याचें वाटतें. शेवटच्या रांगेंतील डोकें व मागची कांच यांत वीतभरच अंतर असतें, म्हणून मुलांची जागा मधल्या रांगेंत.

मोटारी आपटवून परीक्षा घेण्याची भारत एन.सी.ए.पी. ही पद्धत आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यापूर्वीं व नंतरही ग्लोबल एन.सी.ए.पी. या संस्थेनें भारतांत बनलेल्या मोटारी तपासल्या आहेत. तिच्या परीक्षेंत २०१६ सालीं ईकोस शून्य, २०२१ सालीं ट्रायबरला मोठ्यांच्या संरक्षणासाठीं चार, व २०२४ सालीं आफ्रिकेस जाणाऱ्या दोन एअरबॅगांच्या अर्टिगास एक तारा मिळाला. २०२२ पासून परीक्षा कडक झाली, यास्तव निरनिराळ्या सालांचे तारे शेजारीं मांडून तुलना करूं नये. आणि २०२५ मध्यें अर्टिगा व ईको या दोन्हींत सहा एअरबॅगा सर्रास आल्या, हेंही लक्षांत ठेवावें. विक्रेता ताऱ्यांची गोष्ट सांगूं लागला कीं साल व मोटारीचा नेमका प्रकार विचारावा. अर्धी गोष्ट तेथेंच आटोपते. ईकोचीं सरकतीं दारें व थोडी किंमत हे गुण मोठे आहेत खरे, पण तिचें इंजिन पुढच्या सीटांखालीं असून नाक अगदीं आंखूड आहे. लांबच्या हमरस्त्यावर घरचीं माणसें तींतून न्यावीं असें आम्हांस वाटत नाहीं.

इंधनाबद्दल फार लांबण लावीत नाहीं. दारांत ट्रॅक्टर आहे, डिझेलचें पिंप आहे, म्हणून मोटारही डिझेलचीच, हा हिशेब एप्रिल २०२० पर्यंत ठीक होता. त्या महिन्यापासून बी.एस. ६ नियम आले. डिझेल मोटारीच्या धुरांड्यांत काजळी गाळणारा डबा आला, आणि तो जाळून साफ होण्यास मोटार अधूनमधून बराच वेळ वेगानें धांवावी लागते. गांव ते तालुका अशी पांच-सात मैलांची ये-जा करणाऱ्याच्या मोटारींत तो तुंबतो, व दुरुस्ति महाग पडते. शिवाय नोंदणीच्या वेळीं राज्याचा करही डिझेलवर पेट्रोलपेक्षां अधिक. याच अडचणींमुळें मारुतीनें डिझेल अर्टिगा २०२० सालीं बंद केली. महिन्यास दोन-अडीच हजार किलोमीटर हमरस्त्यानें जाणारास डिझेल परवडेल, इतरांनीं त्या फंदांत पडूं नये. सी.एन.जी.वर अर्टिगा एका किलोस २६ किलोमीटर जाते असें कंपनी सांगते. प्रत्यक्षांत कांहीं कमी धरावें, तरी ती स्वस्तच. पण पंप गांवापासून वीस किलोमीटर व तेथें तासभर रांग, असें असेल तर स्वस्ताई रांगेंतच जाते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनीं करावी लागते, तीही पुष्कळ जण विसरतात. राहिलें पेट्रोल. त्यांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, म्हणजे आपलाच ऊंस व आपलाच मका टाकींत परत येतो! इथेनॉलांत उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांश कमी असल्यामुळें ॲव्हरेज थोडें घटतें. नव्या मोटारी त्यास योग्य अशा बनविलेल्या आहेत. जुनी घेणारानें मात्र ती एप्रिल २०२३ च्या पूर्वींची असल्यास कंपनीच्या पुस्तकांत इथेनॉलचें प्रमाण काय दिलें आहे तें वाचून घ्यावें.

आतां पैशाकडे वळूं. दुकानांत किंमत विचारली कीं उत्तर हप्त्यांत मिळतें. समजा, नऊ टक्के व्याजानें दहा लाखांचें कर्ज काढलें. सात वर्षांच्या फेडीस महिना सुमारें १६,१०० रुपये हप्ता बसतो व एकूण व्याज साडेतीन लाखांवर जातें. पांच वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारें २०,७५० व व्याज अडीच लाखांच्या आंत. हप्ता थोडा दिसावा म्हणून आपण एक लाखाहून अधिक रुपये जादा देतों. सात वर्षांचाच हप्ता धरला तरी वर्षाचे एक लाख त्र्याण्णव हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यावर क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्या दरानें हा वर्षाचा हप्ता म्हणजे ५४ टन ऊंस. तोडणी-वाहतूक वजा जातां आंकडा सत्तर टनांकडे झुकतो. एकरीं चाळीस टन पिकलें तर पावणेदोन एकरांचा ऊंस सात वर्षें मोटारीकडे गेला. ज्याचें एकंदर रान तीन एकर आहे त्यानें हें गणित घरच्या बायकांस मोठ्यानें वाचून दाखवावें, मग निर्णय करावा.

शिवाय हप्ता दरमहा, आणि शेतकऱ्याचें उत्पन्न मात्र वर्षांतून दोनदां-तीनदां. ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस पोंचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास पाहिजेत. ते कित्येकदां किती दिवसांनीं मिळतात हें आम्हीं सांगावयास नको. कांहीं बँका व वित्तसंस्था शेतकऱ्यास सहामाही हप्ता करून देतात, पण मागितल्यावांचून बोलत नाहींत. तो मागावा, व हप्त्याची तारीख आपल्या पिकाच्या तारखेशीं जुळवून घ्यावी. पीक-कर्जाचे पैसे मोटारीच्या डाउन पेमेंटकडे वळविणें हें तर बियाणें दळून खाण्यासारखें आहे.

ज्यांच्या घरीं पांचच माणसें आहेत, अथवा ज्यांचीं सातही माणसें वर्षांतून दहा-बारा दिवसच एकत्र बाहेर पडतात, त्यांनीं तीन रांगांच्या मोटारीचा नाद सोडावा. दहा-बारा दिवस भाड्याची गाडी करण्यास जो खर्च येतो तो नव्या मोटारीच्या विम्याच्या व घसाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाहीं. पाहुण्यांस भाड्याची गाडी दिसेल ही लाज कांहींच्या मनांत असते. ती लाज दहा लाखांची आहे कां, एवढें पाहावें.

उलट कांहीं तरुण मंडळी असा बेत करतात कीं, मोटार घरची व अधूनमधून वडापाची. म्हणजे हप्ता परस्पर सुटेल. पांढऱ्या पाटीच्या मोटारींतून भाड्याचीं माणसें नेणें हें परवान्याविरुद्ध तर आहेच, पण खरा धोका विम्याचा आहे. खाजगी मोटारीच्या विम्यांत भाड्याचा वापर वगळलेला असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेंच शोधते. जखमी माणसांची भरपाई मग सातबाऱ्यावर येऊं शकते. ज्यांस धंदाच करावयाचा आहे त्यांनीं पिवळी पाटी, परवाना व त्याचा विमा घेऊन तो उघड करावा. त्यांत कमीपणा नाहीं. जुनी मोटार घेणारांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, या वर्गांतील पुष्कळ मोटारी आधीं टॅक्सी म्हणून दोन-तीन लाख किलोमीटर धांवून, पाटी बदलून बाजारांत येतात. नोंदणीपुस्तकांत पूर्वींचा वर्ग कोणता होता तें आर.टी.ओ. कडे पडताळून घेतल्यावांचून विसार देऊं नये.

ज्या सभासदांच्या घरीं अशी तीन रांगांची मोटार तीन वर्षांहून अधिक काळ चालली आहे त्यांनीं तिचें नांव, चाललेले किलोमीटर, इंधनाचा व दुरुस्तीचा वर्षवार खर्च, आणि मुख्यतः शेवटच्या रांगेंत बसणाऱ्या माणसाचें मत, एवढें एका पोस्टकार्डावर मासिकाकडे लिहून पाठवावें. तें मत शक्य तर त्या माणसाच्याच शब्दांत असावें.